एक जूनची डबी

माझा वाढदिवस एक जूनला. माझ्या थोरल्या भावाचा एक जूनला. माझ्या सासऱ्यांचा एक जूनला, आणि ज्यांनी आम्हा दोघा भावांची नावं केनवडच्या शाळेत घातली त्या गुरुजींचाही एक जूनलाच. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आ वासतो. आमच्याकडे कोणी आ वासत नाही. शाळेत नाव घालायला लेकरू आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला म्हणजे सहा वर्षं झाली. मग आईला विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, "तुरी सोंगून राह्यलो होतो जी आमी तवा." आता तुरीच्या कापणीला दाखलखारीज रजिस्टरात कुठं रकाना असतो? गुरुजी बोटांवर सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण ह्या एक जूनपायी झालं. आता निस्तरलंय, म्हणून निवांत बसून लिहितोय. त्या दिवशी मला कोणी लिहायला सांगितलं असतं तर मी कीबोर्ड त्याच्या डोक्यात घातला असता. तापट आहे मी, कबूल आहे. बायको तर रोजच सांगते.

मंगरूळपीरला माझं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देतो, झेरॉक्स काढतो, लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधून देतो. हे पोटाचं काम. जिवाचं काम वेगळं आहे. मी विजेटं बनवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोणी ब्लॉग लिहितो, त्याच्या पानाच्या कडेला जागा रिकामी असते. त्या जागेत घड्याळ, आजची तिथी, आलेल्या वाचकांचा आकडा असं काहीबाही दाखवणारी एक चौकट बसवता येते. मी इकडे बनवतो, लोक माझ्याकडून चार ओळी उचलतात आणि आपल्या पानात चिकटवतात. नंतर मी इकडे काही बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

गुरुजी ह्या चौकटीला डबी म्हणायचे. "आज कोनती नवी डबी काढली?" असं फोनवर विचारायचे. रिटायर झाल्यावर ते जऊळक्याला, स्टेशनच्या अलीकडे, स्वतःच्या घरी राहायला गेले आणि वयाच्या मानानं भलताच नाद लावून घेतला त्यांनी, ब्लॉगचा. शाळेतल्या आठवणी, रानभाज्या, कुठली गाडी किती उशिरा आली, सगळं लिहायचे. माझी पहिली डबी त्यांनीच लावली. मराठी आकड्यांचं साधं घड्याळ होतं ते, आणि खरं सांगायचं तर पाच मिनिटं मागे चालायचं. पण त्यांनी जिल्ह्यातल्या अर्ध्या मास्तरांना फोन करकरून सांगितलं, "मह्या पोट्ट्यानं बनोलं, लावा." आपल्याकडे मास्तर लोकांना ब्लॉगचं वेडच आहे. एकानं लावलं की दुसरा लावतो, दुसऱ्याचं पाहून तिसरा. वर्षाच्या आत माझं घड्याळ रिसोडपासून कारंज्यापर्यंतच्या शाळांच्या पानांवर टिकटिकत होतं, पाच मिनिटं मागे.

मग मी वाचक मोजायची डबी काढली. गुरुजींचा आकडा भराभर वाढायला लागला. मला वाटलं, वा! नंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गुपित फोडलं. "काय्चे वाचक रे? हेच घडीघडी उघडते आन हेच मोजते." गुरुजी लाजले नाहीत. म्हणाले, "मी काय वाचक नाई?" त्यानंतर 'आज कुठला बाजार' ही डबी आली. कोणत्या वारी कोणत्या गावचा आठवडी बाजार, ते दाखवणारी. ती अजून चालते. आणि मग आली वाढदिवसाची.

वाढदिवसाची कल्पना गुरुजींचीच. आपल्या शाळांत शिकलेली, शिकवणारी माणसं, त्यांची नावं आणि जन्मतारखा एका यादीत घालायच्या. डबी रोज सकाळी त्या दिवशीची नावं दाखवणार, शुभेच्छा देणार, आणि तेच एका चित्रातही तयार ठेवणार म्हणजे लोकांना ते उचलून ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकता येईल. यादी गोळा करायचं काम गुरुजींनी अंगावर घेतलं. गावोगावचे मास्तर आपापल्या नोंदी पाठवायला लागले. मी मान खाली घालून भरत गेलो. रोज दोन नावं, कधी एक, कधी कोणीच नाही. सगळे खूश.

आणि मग एक जून उजाडला.

आता तुम्ही म्हणाल, ह्याला आधी कसं कळलं नाही? ह्याचा स्वतःचा वाढदिवस एक जूनचा! तेच तर. आम्हाला तो दिवस इतका अंगवळणी पडलेला की त्यात काही वेगळं आहे हे डोक्यातच येत नाही. माझ्याकडे आलेली अर्धी नावं एक जूनची होती. मी ती स्वतःच्या हातानं भरली होती, आणि एकदाही थबकलो नव्हतो. सकाळी डबीनं ती सगळी नावं एकाखाली एक मांडायला घेतली. डबी लांबत गेली, लांबत गेली, मजकूर कुठल्या कुठं खाली ढकलला गेला. एका सरांचा फोन आला, "अहो, तुमच्या डबीनं माझी शाळा गिळली!" मी त्यांच्यावरच खेकसलो. मग आपलं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला.

गुरुजींना हसू आवरेना. "हे माहं पाप हाय रे," म्हणाले. "अर्धा जिल्हा मीच एका दिवशी जन्माले घातला." दुरुस्ती म्हणून मी नावं एका जागी ठेवून हळूहळू वर सरकती केली. तर गुरुजींची नवी कुरकुर: "एवढ्या गर्दीत म्हाताऱ्याचं नाव कोन वाचन?" मग त्यांच्या समाधानासाठी मी असं केलं की त्या दिवशीच्या नावांत वयानं जो सगळ्यात मोठा, त्याचं नाव सगळ्यात वर, ठळक, फोटोसकट, आणि खाली 'शतायुषी व्हा'. पुढच्या एक जूनला वर कोण झळकलं असेल? गुरुजीच. केनवडच्या शाळेपुढं उभे, चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे बारीक. दिवसभर मला फोन करत होते. "पाह्यलं का?" पाहिलं गुरुजी. तासाभरानं परत, "पाह्यलं का?"

तीन वर्षं हा सोहळा झाला. चौथ्या वर्षी चैत्रात गुरुजींना ताप आला आणि दोनच दिवसांत ते गेले.

अंत्यविधीला गेलो, तेरवीला गेलो. काकू कोणाशी बोलत नव्हत्या, मीही त्यांच्या समोर फार थांबलो नाही. मला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, आणि सुचलं तर वाकडंच निघतं. तेरवीनंतर एकदा दुकानात बसून मी वाढदिवसाची यादी उघडली. गुरुजींच्या ओळीवर आलो. ती ओळ काढायला हवी हे कळत होतं. एक बटण दाबायचं होतं. हात धजला नाही. ज्या माणसानं माझं नाव शाळेच्या रजिस्टरात घातलं त्याचं नाव मी खोडायचं? उद्या करू म्हटलं. मग प्रवेशाच्या फॉर्मांची गर्दी सुरू झाली आणि तो उद्या काही आला नाही.

आला तो एक जून.

सकाळी सात-साडेसातला एका बाईंचा फोन. रिसोडकडच्या शाळेत आहेत. आवाज दबलेला. "दादा, तुमची डबी पाहा हो जरा." मी म्हटलं, काय, पुन्हा लांबली का? त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहाच." उघडली. सगळ्यात वर गुरुजी. चष्मा कपाळावर. 'आजचे ज्येष्ठ सत्कारमूर्ती'. खाली मोठ्या अक्षरांत 'शतायुषी व्हा'. बाजूला मी गेल्या वर्षी हौसेनं घातलेले दोन फुगे, वरखाली हलणारे.

हे एकट्या माझ्या पानावर नव्हतं. शेकड्याच्या वर ब्लॉग, प्रत्येकाच्या कडेला हेच. किती जणांनी न पाहता चित्र उचलून स्टेटसला टाकलं असेल देव जाणे. मी धावत यादीत गेलो आणि जी ओळ दोन महिने खोडवत नव्हती ती एका क्षणात खोडली. गुरुजी सगळीकडून गेले. त्यांच्या जागी मालेगावचे एक रिटायर तलाठी आले.

मग मी वाट पाहत बसलो, कोण काय बोलतं त्याची. दोनचार मास्तरांचे निरोप आले. कोणी म्हणालं, असं व्हायला नको होतं. कोणी नुसते हात जोडलेले पाठवले, ते जास्त लागलं. मास्तरांचं मी सोसलं असतं. पण मला एकाच माणसाची धास्ती होती, आणि अकराच्या सुमारास तिथूनच फोन आला.

गुरुजींची मुलगी उन्हाळ्यात आईकडे येऊन राहिली होती. ती म्हणाली, "दादा, आईचं काही ठीक नाही. सकाळी बाबांच्या फोनवर डबी पाहत होती. तेव्हापासून बाजेवर बसली आहे. चहा नाही घेतला, अन्नाला हात नाही लावला. विचारलं तर धड बोलत नाही. तू येऊन जाशील का?"

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं, बाई गं, माझी चूक झाली म्हणून. "येतो," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवून दिला. गुरुजींनी मला पहिल्यांदा उभं केलं, आणि मी त्यांच्या बायकोला हे दाखवलं! लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. दुकानात आलेल्या एका माणसाला उगाच झापलं. त्याला बिचाऱ्याला फक्त आधारची झेरॉक्स हवी होती.

बायकोला सांगितलं. म्हटलं, फोन करूनच माफी मागावी का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीची चावी घेतली. निघताना म्हणाली, "आणि तिथं आपली हुशारी सांगू नका. कोड कसा चालतो न काय. नुसतं चुकलो म्हणा."

उन्हाचं काही विचारू नका. तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि मोटरसायकलवर निघालो. वाटभर मी दुपट्ट्याच्या आत माफीचे शब्द घोळवत होतो. काकू, चूक झाली. काकू, मशीननं केलं. नाही, मशीनवर ढकलायचं नाही. काकू, विसरलो. विसरलो कसं म्हणणार, गुरुजींना विसरलो? शेलुबाजारला गाडी थांबवली, रसाच्या गाडीवर उभा राहिलो. ग्लास हातात घेतला आणि आठवलं की काकूंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं असेल की नाही. रस गेला नाही घशाखाली. काही घेऊन जावं का, हाही प्रश्न होता. मिठाई नेणार? फळं नेणार? काय म्हणून? शेवटी हात हलवतच गेलो. पाठीवर लॅपटॉपची पिशवी होती तेवढी.

काकू अंगणातल्या निंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर गुरुजींचा फोन. मी गाडी लावली, दुपट्टा सोडला. त्यांनी वर पाहिलं आणि नुसतं "बस" म्हणाल्या. मुलीनं पाण्याचा गडवा आणून दिला आणि दारात उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता. मी खाली ओट्याच्या कडेला बसलो. खुर्ची होती, पण बसवेना.

"काकू," मी म्हणालो, "मी तुमच्या पाया पडाले आलो. सकायी जे झालं ते मह्या हातून झालं. गुरुजीचं नाव यादीतून काढाचं राहून गेलं. तेरवीनंतर काढाले बसलो होतो, पन हात झाला नाई. मंग राहूनच गेलं. आज तारीख आली तं डबीनं त्यायले वर दाखोलं. फोटो दाखोला, थे शतायुषी व्हा दाखोलं. तुमाले काय वाटलं असन याची मले—"

"थांब," काकू म्हणाल्या.

मी थांबलो. आता पाठीत बसणार, म्हटलं. बसू दे. काकूंचा हात तसा चालतो, शाळेत असताना डबा विसरला म्हणून त्यांच्या घरी जेवायला गेलो की पहिल्यांदा पाठीत एक धपका मिळायचा.

"काय दाखोलं म्हने?"

"गुरुजीले."

"कुठं?"

"सगळ्यात वर."

"फोटो होता?"

"होता."

"कोनता फोटो?"

"थोच, काकू. शायेपुढचा. चष्मा कपायावर."

काकूंनी दाराकडे मान वळवली. मुलीकडे पाहून त्यांनी जो आवाज लावला तो मी उभ्या जन्मात विसरणार नाही. "ऐकलं का वो? चष्मा कपायावर! मी काय म्हनत होती सकायपासून?"

मुलगी तोंडावर हात ठेवून खालीच बसली. मला काही कळेना. मी एकदा हिच्याकडे पाहतो, एकदा तिच्याकडे.

मग काकूंनी सांगितलं. गुरुजींचा फोन त्या रोज चार्ज करून ठेवतात. कोणाचा येतो म्हणून नाही, बंद पडू नये म्हणून. आज एक जून. दरवर्षी ह्याच बाजेवर बसून गुरुजी सकाळी डबी उघडायचे, म्हणून ह्यांनीही उघडली. उगाच. काही दिसेल असं मनातही नव्हतं. आणि गुरुजी समोर. मुलगी आंघोळीला गेलेली. मग त्या फोन तसाच हातात धरून शेजारच्या घरी गेल्या, दोन बायांना बोलावून आणलं, या वो पाहा, गुरुजी दिसून राह्यले. त्या बाया हातातलं काम टाकून आल्या. तोवर फोनचा उजेड गेला होता. काकूंनी पुन्हा उघडलं. आणि तिथं कोणी दुसराच माणूस.

"थो कोन तलाठी!" काकू म्हणाल्या. "मले काय तलाठ्याचं करा लागते?"

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, काकू, होते असं. माणूस गेल्यावर होते. मही सासूबी म्हने मले मामाजी दिसते, म्हणजे गेलेले सासरे. दुसरी म्हणाली, डॉक्टरले दाखवा लागते. मुलगी आंघोळ करून आली, तिनं पाहिलं, तिलाही तलाठीच दिसले. तिनं प्रेमानंच म्हटलं, "आई, तुला भास झाला असेल." झालं. काकू बाजेवर बसल्या त्या बसल्या.

"मी नावाले नोती रडत बावा," काकू मला म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "त्यायचं नाव दिसलं म्हनून काय वाईट वाटन मले? मले भेव लागलं. मी पाह्यलं होतं मह्या डोयानं, आन हे सगळे म्हनते नोतं. मंग मीच इचार केला, खरंच नसन का? मायं डोस्कं गेलं का? उद्या ह्या पोरीले वळखीन का नाई मी? सकायपासून इथं बसून मी एकेक आठवून पाहून राह्यली. लग्नाची तिथी. पोरीचं जन्माचं गाव. सगळं बरोबर येते, आन तरी थो फोटो काई येत नाई पुन्हा."

मी ज्या चुकीची माफी मागायला इतक्या उन्हातून आलो होतो तिचं काकूंना काहीच नव्हतं. आणि जी मी घाईघाईनं, शहाणपणानं निस्तरली असं समजत होतो, त्या निस्तरण्यानं ह्या बाईला सकाळपासून स्वतःच्या डोक्याची भीती घातली होती. 

"होतं काकू," मी म्हणालो. "तुमाले बरोबर दिसलं. मी पुसलं मागून."

"काहून पुसलं?"

"चूक झाली वाटली."

"मले इचाराचं तं होतं पुसाच्या आंधी," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरले. माझेही. मुलगी केव्हाची रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. ती उठून आईला बिलगली. "आई, मला माफ कर गं," म्हणाली. "मी उगाच तुझ्यासाठी डॉक्टरांची चौकशी करत होते." काकू म्हणाल्या, "कर चौकशी. ह्याले दाखव. ह्याचंच डोस्कं तपासा लागते." आणि हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पण काकूंचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. "काढ थे पिशवीतलं," म्हणाल्या. "लाव परत."

"आत्ता?"

"मंग कवा? त्या दोघीइले दाखवा लागते का नाई?"

मी लॅपटॉप उघडला, फोनच्या नेटवर जोडला. जऊळक्याचं नेट म्हणजे निंबाच्या कोणत्या बाजूला बसता त्यावर अवलंबून. दोनदा जागा बदलली. गुरुजींची ओळ परत घातली. काकू खांद्यावरून पाहत होत्या. तलाठीसाहेब खाली सरकले आणि वर गुरुजी आले, चष्मा कपाळावर.

"आले," काकू म्हणाल्या, आणि पदर सावरून थेट शेजारी गेल्या. दोघींना घेऊनच आल्या. एकीनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हो वो माय," म्हणाली, "हायेत की गुरुजी." दुसरी काही बोलली नाही. काकूंनी तिला बोलायला लावलंच. "डॉक्टरले दाखवू का मंग?" ती बिचारी म्हणाली, "नाई जी, मी आपलं असंच म्हटलं होतं."

मग काकू जेवल्या. मलाही ताटावर बसवलं. भाकर, पातळ बेसन, कैरीचा तक्कू. शेलुबाजारला जो घसा रस घेत नव्हता त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. पाठीत धपका मिळाला तो जेवण झाल्यावर.

निघायच्या आधी काकू म्हणाल्या, "एक काम कर. थे शंभर वर्साचं काढ. लोकं हासतीन. आन हा दिवस खोटा हाय." मी म्हटलं, ते तर आमचं सगळ्यांचंच आहे काकू. त्या म्हणाल्या, "पन त्यायचा खरा मले माईत हाय. सासूबाईनं सांगतलं होतं. पोयाच्या करीले झाले ते. पोयाच्या दिवशी बैलायचे शिंगं रंगोले, रंग वाटीत उरला होता, आन दुसऱ्या दिवशी सकायी हे. रंगाची वाटी उचलाले कोनाले फुरसत नोती म्हने." पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. "करीले लाव त्यायचं नाव."

मी होय म्हणून बसलो. घरी आल्यावर कळलं की आपण काय कबूल केलंय. संगणकाला एक जून कळतो, पोळा कळत नाही. पोळा श्रावणातल्या अमावास्येचा, तो दरवर्षी पुढंमागं होणार, आणि अधिक महिना आला की आणखी घोळ. म्हणजे डबीला तिथी शिकवायला हवी. जून गेला, जुलै गेला, दुकान सांभाळून मी पंचांग आणि कोड यांच्यात डोकं खुपसून होतो. अधिक महिन्यानं तर रडवलं. बायको म्हणायची, "एका नावासाठी एवढं?" आणि लगेच, "चहा ठेवू का?"

ते काम करताना मी डबीत एक जागा वाढवली: 'खरा दिवस'. दाखल्यावरचा राहू द्या, घरी आई काय सांगते ते लिहा. मला वाटलं चार लोक लिहितील. लोक लिहितच सुटले. कापूस वेचणी, पंचमीच्या आदल्या दिवशी. ज्या साली विहीर लागली त्या साली, होळीनंतर. एकानं लिहिलं, आईला विचारायला म्हणून फोन केला आणि तासभर बोललो. पहिल्यांदाच एक जूनची गर्दी पांगायला लागली.

पोळा झाला. बैलांना पुरणपोळी दिली, घरी खाल्ली, झोपलो. करीच्या दिवशी पहाटेच जाग आली, पण डबी उघडायचा धीर होईना. तिथी चुकली असेल तर? नाव एक दिवस आधीच येऊन गेलं असेल तर? पुन्हा काकूंनी उघडावं आणि तिथं कोणी तलाठी असावा, तर? मी दात घासले, दूध आणलं, उगाच सायकलची चेन पुसली. शेवटी बायकोनंच फोन माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

तेवढ्यात तो वाजला. वर नाव आलं, 'गुरुजी'. त्यांचाच फोन काकू वापरतात, हे माहीत असून ते नाव दोनदा वाचलं. उचलला.

"दिसले," काकू म्हणाल्या. "पोरगी पोयाले आली, तिनंबी पाह्यलं, शेजारनीनंबी पाह्यलं. चांगले दिसून राह्यले." "आता संध्याकायपर्यंत राहू दे. पुसू नको."

"नाई पुसत काकू," मी म्हणालो.